मथळ्याने गिळलेल्या चार ओळी

माझे जावई पेपरात मथळे लिहितात. बातमीसाठी पायपीट दुसऱ्याने करायची, शिव्या दुसऱ्याने खायच्या आणि यांनी खुर्चीत बसून तिच्या डोक्यावर तुरा खोवायचा, अशी ती नोकरी. तुराही साधा नाही. कोटी केल्याशिवाय यांचं बोट हलत नाही. पाव महागला तर ‘पाव महागला, देव कुणाला पावला?’ नळ आटले तर ‘पालिका नागरिकांना पाण्यात पाहते’. न्हाव्यांनी संप केला तेव्हा ‘केसाने गळा कापला’. लोक हसतात. लोकांचं काय, रस्त्यात कुणी घसरून पडलं तरी आधी हसतात आणि मग हात देतात.

मी चौथीत शाळा सोडली. वाचायला लागले ते नंतर, आमच्या धुलाईच्या दुकानात, इस्त्रीचे कपडे रद्दीत बांधता बांधता. मोठी अक्षरं आधी जमली म्हणून मथळ्यांशी माझी जुनी ओळख. बारीक अक्षरांना चष्मा लागतो आणि धीर लागतो, आणि ही दोन्ही माझ्याकडे एका वेळी कधीच नसतात.

खाली दुकान, वर आम्ही. लेकीचं लग्न झालं आणि जावईही वरच राहायला आले. घरजावई म्हटलं की त्यांना झोंबतं, म्हणून मी तो शब्द गरजेपुरताच वापरते. सकाळी चहाच्या वेळी ते पेपर उघडणार, आपला मथळा मोठ्यांदा वाचणार आणि आम्ही हसणार, असा घरचा नेम पडून गेला होता. हसायची मीही, खोटं कशाला बोलू? शेजारचा शिंपी गिऱ्हाइकांचं कापड मारतो अशी कुणी तक्रार केली, तेव्हा यांनी ‘शिंप्याने घातली टोपी’ असं छापलं. मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. शिंप्याने दोन महिन्यांत दुकान बंद केलं. मी म्हटलं, माणसाला थट्टा सोसत नाही.

तर त्या बुधवारी जावयांनी पेपर उघडला, खाकरले आणि वाचलं, ‘लिफ्टवाल्याला उतरती कळा!’

कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला एक कारागीर खालच्या खड्ड्यात उतरला होता. वरून लिफ्ट खाली आली आणि त्याचा पाय सापडला. वीज बंद न करताच तो खाली उतरला, असं इमारतीच्या सेक्रेटरीचं म्हणणं. नाव कळू शकले नाही. बातमी एवढीच. मथळा मात्र तिच्या दुप्पट.

लिफ्टवाला म्हटल्यावर मला माझा भाऊ आठवायला हवा होता. आठवलाही. मी म्हटलं, “हे आमच्या धाकट्याला दाखवायला पाहिजे. तीस वर्षं तेच काम करतोय, एक ओरखडा नाही. आणि बघा हे आजकालचे!”

आणि हसले.

साडेनऊला धाकट्याच्या कंपनीतून फोन आला; पेपर वाचून त्यांनीच दवाखान्यात चौकशी केली होती. मंगळवारी दुपारपासून तो सरकारी दवाखान्यात होता. पाकीट आणि ओळखपत्र कंपनीच्या कपाटात राहिलेलं, हा बेशुद्ध. बायको गेल्यापासून एकटाच राहतो, त्यामुळे घरी वाट बघणारं कुणी नाही. डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्याखालून काढला तेव्हा बाहेरच्या बाकावर त्याचं कुणीही नव्हतं. त्याची थोरली बहीण घरी चादरींना कांजी करत होती.

गुरुवारी सकाळी तो नीट बोलायला लागला. पहिलं वाक्य काय बोलला असेल?

“आक्का, माझंच चुकलं असणार.”

“काय चुकलं?”

“फ्यूज काढला नसेल मी. मला आठवत नाही. खड्ड्यात उतरल्याचंही आठवत नाही. पण पेपरात आलंय.”

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने हौसेने आणून दाखवला होता पेपर. धाकटा गेली तीस वर्षं कंपनीतल्या प्रत्येक नव्या पोराला एकच धडा देतो, ‘आधी फ्यूज खिशात, मग पाय खड्ड्यात.’ लग्नकार्यात जेवायला बसला तरी त्याच्या तोंडी हेच. आणि तो माणूस छापलेलं वाचून आपल्याच हाताविषयी शंका घेत होता.

“पेपरात काय, काहीही येतं,” मी म्हटलं.

“तुझ्याच जावयाचा पेपर आहे, आक्का.”

मी त्याचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

तेवढ्यात कंपनीचा एक अधिकारी आला. शर्ट स्वच्छ, पण कॉलरची इस्त्री फसलेली. बोलणं गोड. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला’ असा एक कागद तयार होतोय, म्हणाला, उद्या सकाळी घेऊन येतो, सही लागेल. सही झाली की परवाना जाणार आणि नोकरीही. जायचं ते जाऊ दे म्हणा, पण तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना शिकवलं, त्याच्या नावापुढे हे लिहिलेलं राहणार. धाकटा मान हलवत होता. हो म्हणायची त्याला घाई झाली होती.

दुपारी घरी आले तर जावई जेवून कामाला निघायच्या तयारीत. लेक ताट उचलत होती.

“काय जावईबापू, आजचा मथळा?”

ते चप्पल शोधायला लागले.

“रोज वाचता ना? वाचा की.”

“आई, मला नाव माहीत नव्हतं. नाव आलंच नव्हतं बातमीत.”

“नाव आलं नाही की पाय कुणाचाच नसतो का?”

“असं नाही. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती, बातमी ऐन वेळी आली. मथळा तयार होता, तो लावला.”

“तयार होता म्हणजे?”

उत्तर लेकीने दिलं. “त्यांची वही असते, आई. सुचलं की त्यात टिपून ठेवतात. मग तशी बातमी आली की...”

“अस्सं! म्हणजे माझ्या भावाचा पाय तुटायच्या आधीच त्यावरचा विनोद करून ठेवला होता. आणि बसले होते वाट बघत, कधी एकदा कुणी लिफ्टखाली सापडतोय! किती दिवस वाट बघितली?”

“चार महिने,” जावई म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

“आई, पुरे,” लेक म्हणाली. “शिंप्याच्या वेळी तूच पोट धरून हसलीस. तो पेपर घेऊन गल्लीभर फिरलीस. तेव्हा नाही आठवलं काही?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“शिंपी माझा भाऊ नव्हता.”

हे मी तोंडाने बोलले आणि ऐकलंही. लागलं. पण लागलेलं दाखवायची मला सवय नाही.

जावयांना वाटलं, वारा फिरला. ते जरा धीट झाले. “आई, तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नसतं ते. मोठ्या टायपात दोन ओळींचा मथळा बसवायचा तर जागा कुठून आणायची? खालच्या चार ओळी कापाव्या लागल्या. बातमीदार बाई माझ्यावर अजून फुरंगटून बसली आहे.”

“कसल्या चार ओळी?”

“शेवटच्या. बातमी खालूनच कापतात. महत्त्वाचं सगळं वर असतं.”

“काय होतं त्यात?”

“आता आठवत नाही.”

“आठवत नाही की वाचलंच नाही?”

त्यांनी चप्पल घातली. “वेळ नव्हता, आई,” असं दारातून म्हणाले आणि गेले.

मी खाली दुकानात आले. दवाखान्याने धाकट्याच्या कपड्यांचं गाठोडं दिलं होतं. बुधवारपासून ते कोपऱ्यात पडून होतं. चाळीस वर्षं लोकांचे डाग काढते मी. शाईचे, तेलाचे, आणखी कसले कसले, विचारू नका. पण त्या गाठोड्याला हात लावायचं धाडस होत नव्हतं. आता रागाच्या भरात सोडलं. पँट एका बाजूने कापलेली. शर्ट मात्र धड होता. रक्ताला थंड पाणी लागतं, म्हणून बादली भरली. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे, पाण्यात जायच्या आधी प्रत्येक कपड्याचा खिसा उलटा करायचा. मग तो कपडा न्यायाधीशाचा असो नाहीतर चोराचा. किल्ल्या निघतात, गोळ्या निघतात, भलत्याच बाईची पत्रं निघतात. हात आपोआप जातो.

धाकट्याचा वरचा खिसा बटण लावून बंद केलेला होता, आत रुमाल. रुमालात फ्यूज. चिनीमातीचा, पांढरा, तांब्याची तार बांधलेला.

मी खाली बसले. बादली वाहत होती, वाहू दिली.

त्याने फ्यूज काढला होता. काढून, रुमालात गुंडाळून, बटण लावून मग तो खाली उतरला होता. मग लिफ्ट चालली कशाने? कुणीतरी दुसरा फ्यूज बसवल्याशिवाय ती हलणार नव्हती. हे कळायला शाळा लागत नाही.

दुकानाला कुलूप घातलं आणि तशीच जावयांच्या पेपरात गेले.

कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली. टेबलं, त्यांवर पडदे, पडद्यांपुढे माना. आमच्या भट्टीसारखीच गरम. जावयांनी मला दारातून बघितलं आणि पडद्यामागे मान घातली. कुणीतरी विचारलं, “बाई, कोण हवंय?”

“ते पडद्यामागे लपलेले.”

जावई उठले. “या... आमच्या सासूबाई,” असं ते चारचौघांत म्हणाले, शर्टावरचा डाग कबूल करावा तसं.

“बातमीदार बाई कुठली?”

कोपऱ्यातून एक पंचविशीची पोरगी उठली. डोळ्यांत झोप, पायांत धुळीच्या चपला. म्हटलं, चला, या खोलीत कुणीतरी उन्हात जातं. मी तिच्यापुढे रुमाल उघडला आणि कुणाच्या खिशातला ते सांगितलं. तिने आधी फ्यूजकडे बघितलं, मग जावयांकडे. ते बघणं मला आवडलं.

“मावशी, बसा,” ती म्हणाली. “मी लिहिलेली पूर्ण बातमी माझ्याकडे आहे.”

तिने पडद्यावर काढली आणि शेवट वाचला. कारागिराने फ्यूज काढून नेला होता, पाचव्या मजल्यावरच्या पाहुण्यांचं सामान वर न्यायचं होतं म्हणून सेक्रेटरींच्या सांगण्यावरून आपण दुसरा फ्यूज बसवला, असं वॉचमनने सांगितलं. चार ओळी. मोजून चार.

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं. खोलीतल्या माना वर झाल्या होत्या.

“वॉचमन आता नाही म्हणतो,” ती म्हणाली. “काल फोन केला होता मी. पेपरात काहीच आलं नाही, मग कशाला तोंड उघडायचं, असं वाटलं असेल. सेक्रेटरींनीही समजावलं असणार. पण माझ्या मोबाइलवर त्याचं बोलणं आहे.”

मी जावयांकडे वळले. “महत्त्वाचं सगळं वर असतं ना?”

ते पुढे वाकले आणि पडद्यावरच्या त्या चार ओळी स्वतः वाचू लागले.

गडबड ऐकून संपादक आले. सभ्य गृहस्थ. सगळं ऐकून म्हणाले, “मावशी, झालं ते वाईट झालं. आपण खुलासा छापू. आतल्या पानावर, चौकटीत.”

“थट्टा पहिल्या पानावर आणि खरं आत? वा! पाहुण्यांसमोर थोबाडीत मारायची आणि माफी मोरीत नेऊन मागायची!”

“मावशी, पहिल्या पानावर जागा...”

“थट्टेला होती.”

ते चष्मा पुसू लागले. मी उभीच होते. मला घाई नव्हती, दुकानाला कुलूप होतं. शेवटी त्यांनी पोरीकडून ते बोलणं कानाला लावून ऐकलं, फ्यूजचा फोटो काढायला सांगितला आणि जावयांना म्हणाले, “त्याच जागी घ्या. तेवढ्याच टायपात.”

जावई बसले. मी त्यांच्या खुर्चीमागे. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सेक्रेटरीचा फ्यूज उडाला!’

दोघं-तिघं हसले. मी त्यांच्याकडे बघितलं. “हसा, हसा. झालं की सांगा, मी थांबते.”

जावयांनी ते पुसलं. मग ‘खिशातला फ्यूज बाहेर, सेक्रेटरीच्या पोटात...’ इथपर्यंत आले आणि आपणच थांबले. मला वाटलं होतं, हा माणूस मस्तीने करतो. पण त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांना दुसरं येतच नव्हतं. पंधरा वर्षांत सरळ वाक्याची सवय सुटली होती.

“कुणी काय केलं, एवढंच लिहा,” मी म्हटलं.

“असा मथळा कुणी वाचत नाही, आई.”

“माझा भाऊ वाचेल. लिहा.”

त्यांनी लिहिलं, ‘कारागिराने फ्यूज काढला होता, सेक्रेटरींनी दुसरा बसवायला लावला’. संपादकांनी खाली ‘वॉचमनने दिलेली माहिती’ असं जोडायला लावलं. जोडा म्हटलं, खरंच आहे ते. मग बातमी बसेना. जावयांचा हात सवयीने खालच्या ओळींकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं.

“खालून नाही.”

शेजारी मांजरांच्या प्रदर्शनाची बातमी होती. गर्दीमुळे रस्ता तुंबला, त्यावर यांचा मथळा, ‘मांजर आडवी गेली, वाहतूक खोळंबली’. चांगला होता. कबूल करते, दुसऱ्या दिवशी चहाला मी हसले असते. त्यांनी तो एकदा बघितला आणि अख्खी बातमी काढून टाकली.

शुक्रवारी सकाळी मी जावयांना दवाखान्यात चला म्हटलं. लेक म्हणाली, “त्यांना कशाला?” मी म्हटलं, “बघायला. पाय नसलेला माणूस त्यांनी अजून बघितलेला नाही, नुसता छापलाय.”

आम्ही पोचलो तेव्हा अधिकारी येऊन बसला होता. कागद धाकट्याच्या मांडीवर, पेन धाकट्याच्या हातात. टोपण काढलेलं.

मी कागदावर पेपर ठेवला आणि पेपरवर फ्यूज.

“हे काय?” अधिकारी म्हणाला.

“तुम्हाला नाही विचारलं,” मी म्हटलं. “बघ रे.”

धाकट्याने फ्यूज उचलला, उलटा केला, तारेच्या पिळावरून अंगठा फिरवला. “माझाच,” तो म्हणाला. “असा उलटा पीळ मीच देतो. कुठे मिळाला?”

“तुझ्या खिशात. रुमालात. बटण लावलेलं.”

त्याने डोळे मिटून घेतले. मग पेन टोपणात घातलं आणि अधिकाऱ्याच्या हातात दिलं. सही करणार नाही, एवढंही बोलला नाही. अधिकाऱ्याने मथळा वाचला, खालची बातमी वाचली आणि अगदी शेवटपर्यंत वाचली. “साहेबांना दाखवावं लागेल हे,” म्हणाला. कागदाची घडी केली, घडीची घडी केली, खिशात घातली. जाताना त्याने धाकट्याला नमस्कार केला. काल केला नव्हता.

धाकट्याने पेपर जवळ घेतला. बोट ठेवून मथळा वाचला. पुन्हा वाचला. मग खालची बातमी.

“बुधवार लिहिलंय,” तो म्हणाला. “मंगळवार होता.”

“उद्या दुरुस्त करतो, मामा,” खाटेच्या पायथ्याकडून जावई म्हणाले. पायथ्याकडे एका बाजूला पांघरूण सपाट होतं आणि त्यांना तिकडे बघवत नव्हतं. “मामा, माझं चुकलं. मी...”

“आधीचा मथळा तुमचा ना?”

“हो.”

“सगळ्या वॉर्डाला पाठ झालाय. काल पट्टी बदलताना सिस्टर म्हणत होती. मनानं वाईट नाही ती, मला बरं वाटावं म्हणूनच म्हणत होती.” त्याने नव्या मथळ्यावर बोट आपटलं. “हा कोण पाठ करणार?”

मी मनात हिशेब मांडला. वॉचमन बोलेल, सेक्रेटरीला जाब द्यावा लागेल, धाकट्याचा परवाना राहील, कंपनी त्याला पोरांना शिकवायला ठेवेल. पण बाजारात त्याला बघून कुणी ना कुणी तो पहिला मथळाच पुटपुटणार, आणि तिथे मी खिसे उलटे करायला नसणार.

“मामा, मी काय करू, सांगा,” जावई म्हणाले.

धाकट्याने पेपरची घडी करून उशाशी ठेवली. मग म्हणाला, “रविवारपासून मला खुर्चीत बसवणार आहेत. उचलायला दोन माणसं लागतात आणि वॉर्डबॉय एकच असतो. तुम्ही या. सकाळी आठला.”

“येतो. नक्की येतो. रोज येतो.”

“या,” धाकटा म्हणाला आणि कुशीवर वळला. “आणि बोलू नका.”

जावई माझ्याकडे बघायला लागले, सासू काहीतरी सावरून घेईल म्हणून. मी त्यांच्या हातात धाकट्याचा रिकामा तांब्या दिला आणि नळ कुठे आहे ते दाखवलं.